अण्णांचं बोट

पार्सलवाल्यानं दारातून हाक मारली तेव्हा वहिनीच्या हातात तापलेली सोल्डर गन होती आणि पुढ्यात कुणाच्या तरी वॉशिंग मशीनचं पॅनेल उघडं पडलं होतं. अर्धं काम टाकून उठायची तिची रीत नाही. पण त्या दिवशी तिनं गन स्टँडमध्ये खुपसली आणि चपला घालायचंही भान न राहता ती दाराकडे धावली.

"काय मागवलंय एवढं? सोनं की काय?" हातातल्या हलक्या पुडक्याकडे बघत पार्सलवाल्यानं विचारलं.

"त्याहून भारी," ती म्हणाली. "सोन्याला डोकं नसतं."

गल्लीत तिला सगळे डागवाली वहिनी म्हणतात. पंख्याचा रेग्युलेटर असो, मिक्सर असो, इन्व्हर्टर असो, ही सोल्डरचे दोन डाग देते आणि मेलेलं सर्किट पुन्हा बोलायला लागतं. नणंद तर नव्या माणसाला ओळख करून देताना सांगते, "आमच्या घराण्याला डाग आहेत ते एवढेच." पण ती या घरात आली ती सून म्हणून, हातातली विद्या कुणी विचारलीही नव्हती. घरचा धंदा पट्ट्या विणण्याचा. बॅगांचे पट्टे, गळ्यात ओळखपत्र अडकवायच्या फिती, पडद्यांच्या कडा, असलं अरुंद विणकाम. घराला लागून पत्र्याच्या छपराचा लांबट कारखाना आणि त्यात दोन माग. नवा माग नवरा चालवतो. जुना अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा.

लग्न होऊन ती आली त्याच आठवड्यात अण्णांच्या मागाची मोटर अडून बसली. मिस्त्री आज येतो, उद्या येतो करत होता. नवी नवरी दाराआडून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "अण्णा, मी बघू का? शिकलेय मी त्यातलं." घरातल्या बायकांच्या भुवया वर गेल्या. अण्णा मात्र बाजूला सरले आणि त्यांनी आपला स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिनं स्विचच्या पेटीतली जळकी तार शोधून काढली, मोटर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात खिडकीपाशी एक टेबल मांडलेलं होतं आणि त्यावर दिवा टांगलेला होता. "उजेड चांगला येतो इथे," एवढंच अण्णा म्हणाले.

त्या टेबलाशी बसून तिची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि मजेत गेली. रोज सकाळी ती मनातल्या मनात देवाचं नाव घेते, तो दिवा लावते आणि कामाला बसते. ते टेबल तिला कुणी मागूनही दिलं नसतं, हे ती कधी विसरली नाही.

आणि आता अण्णांचीच जागा जायची वेळ आली होती.

त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काही झालं होतं. समोर बघितलं की मधोमध धुकं. कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर टिकेल, गेलेली येणार नाही. चालणं-फिरणं जमत होतं, मान तिरकी करून माणूस ओळखता येत होता. धागा तेवढा दिसत नव्हता. आणि मागावर सगळा खेळ धाग्याचा. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मागच्या रिळांवरून शेजारी शेजारी पुढे सरकत येतात. त्यातला एक तुटला तरी माग आपला खडखडत चालूच राहतो आणि पट्टीत थेट शेवटपर्यंत एक बारीक चीर पडत जाते. पूर्वी या मागाला प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्र्याची पट्टी लोंबायची. धागा तुटला की पट्टी खाली पडायची आणि माग थांबायचा. त्या पट्ट्या झिजून गेल्या, तसल्या पुन्हा मिळेनात. वहिनीनं पत्रा कापून करून बघितल्या तर त्यांच्या कडांनी धडधाकट धागेच कापून टाकले. तेव्हापासून लक्ष ठेवायचं काम अण्णांच्या नजरेकडे होतं.

बॅगवाले म्हणजे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी लागोपाठ दोनदा माल परत पाठवला. मग फोन केला, की शनिवारी मी स्वतः येतो, तो माग चालताना बघतो, मग काय ते ठरवू.

"मी आता स्पष्टच बोलतो," अण्णा जेवून हात धुवायला उठले तेवढ्यात नवरा वहिनीला म्हणाला. "शनिवारी चिरलेली पट्टी निघाली तर तो माग भंगारात. अण्णांनी आराम करावा."

"आराम करून काय करतील ते?"

"बसतील. बाकीचे म्हातारे बसतात तसे."

"बाकीच्यांना बसता येतं. तुमच्या वडिलांना येतं का? परवा दवाखान्यात नंबर येईपर्यंत तिथल्या पडद्याची कड बोटांनी चाचपून वीण मोजत होते."

नवऱ्याला हसू आलं आणि लगेच गेलंही. "ते सांगायचं मलाच आहे ना त्यांना," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

म्हणून ते पार्सल. वहिनीनं एका इलेक्ट्रॉनिक बोर्डाबद्दल कुठेतरी वाचलं होतं, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ भाजी निवडता निवडता बघितले होते आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पुडकं फोडलं तर आतून निघाला तळहातावर मावेल एवढा निळा बोर्ड.

नणंद पलीकडच्याच गल्लीत राहते आणि दिवसातून एकदा माहेरी डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ती वाकून बघायला लागली. "एवढंसं? मला वाटलं चांगला हातापायांचा रोबो येणार. भांडी घासायला."

"रोबोचं डोकं आहे हे, वन्सं. हातपाय आपण जोडायचे. आणि डोकं एक नाही, दोन आहेत. हे बघा." वहिनीचा आवाज आपोआप चढला. "ही मोठी चिप म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. हिला कॅमेरा जोडायचा, फोटो दाखवून दाखवून शिकवायचं, की समोर काय आहे ते ही ओळखते. इंटरनेटसुद्धा लागत नाही, सगळा विचार इथल्या इथे. आपल्या पत्र्याखाली तसंही नेट कुठे येतंय! आणि ही बारकी चिप. हिला फार कळत नाही, पण सांगितलेलं काम सांगितलेल्या क्षणी करते. मोटर थांबव म्हटलं की थांबवलीच. मध्येच दुसऱ्या विचारात हरवणार नाही."

नणंदेनं एकदा भावाकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. "म्हणजे एकानं विचार करत बसायचं आणि दुसरीनं राबायचं. आमच्याच घरात बसून काढलाय का हा बोर्ड कुणी?"

"ऐकतोय मी," नव्या मागाआडून भावाचा आवाज आला.

अण्णांनी बोर्ड हातात घेतला. डोळ्यांपाशी न नेता त्यांनी अंगठ्यानं त्याच्या कडा, पिनांच्या रांगा, चिपची पाठ चाचपली. "आणि हा माझ्या धाग्यांकडे बघणार?"

"बघणार. धागा तुटला की माग थांबवणार. मग तुम्ही सावकाश शोधा आणि सांधा."

"मग मला नजर कशाला पाहिजे!" अण्णा म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

लगेच कामाला सुरुवात झाली. धाग्यांच्या रांगेवर कॅमेरा टांगला. धागे पांढरे, म्हणून त्यांच्याखाली काळं कापड ताणलं. मोटरच्या वायरीत रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, बसवला आणि त्याची दोरी पहिल्यांदा मोठ्या चिपच्याच हातात दिली. तिथे जरा फसलं. मोठी चिप फोटो बघण्यात गुंतली की थांबण्याचा हुकूम मागे पडायचा, माग वीतभर पट्टी विणून मग थांबायचा. वहिनीनं कपाळावर हात मारला. बारकीला मग काय शोभेला ठेवलंय? तिनं मोटरचं काम बारक्या चिपकडे सोपवलं. मोठीनं बघायचं आणि नुसतं सांगायचं, थांबवायचं बारकीनं. एक हिरवा दिवा लावला, एक लाल. सगळं ठीक तर हिरवा, तुटलं की लाल. बटण दाबून बघितलं तर माग जागच्या जागी गप्प! तिला टाळी वाजवावीशी वाटली. तिनं वाजवलीही.

राहिलं शिकवणं. त्यासाठी दोन जातींचे फोटो हवे होते, धागे शाबूत असतानाचे आणि एखादा तुटलेला असतानाचे. शाबूत धाग्यांचे फोटो माग आपला आपण चालत असताना निघाले. तुटलेल्यांसाठी अण्णा कातर घेऊन उभे राहिले. वहिनी म्हणायची, "हं, अण्णा," की ते एक धागा कापायचे आणि तिथे बोट ठेवायचे.

बोट ठेवायची त्या कारखान्याची जुनी रीत. एवढ्या दाट धाग्यांत तुटलेला धागा एकदा सापडला की त्यावर बोट ठेवायचं आणि दुसरा माणूस येऊन गाठ मारेपर्यंत ते उचलायचं नाही. उचललं की धागा पुन्हा हरवला. "बोट ठेवलंय," अशी हाक आली की हातातलं काम टाकून जायचं, हे या घरातल्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं. नवरा आणि नणंद तर त्या हाकेवरच लहानाचे मोठे झाले. त्यामुळे अण्णांचं बोट काळ्या कापडावर, धाग्यांच्या मधोमध, फोटोमागून फोटोत येत राहिलं आणि वहिनीला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. तुटलेला धागा असाच तर दिसतो!

गुरुवारी दुपारी पहिली चाचणी झाली. माग चालू, हिरवा दिवा. अण्णांनी धागा कापला, बोट ठेवलं, आणि खाडकन लाल! माग थांबला. पुन्हा लावला, पुन्हा कापला, पुन्हा लाल. नवरा आपला माग बंद करून बघायला आला आणि बघतच राहिला. "च्यायला," तो म्हणाला. मग वडील समोर आहेत हे आठवून त्यानं जीभ चावली.

"म्हण, म्हण," अण्णा म्हणाले. "मीपण मनात तेच म्हटलं."

त्या दिवशी वहिनीचे पाय जमिनीवर नव्हते. कढई चढवून ती फोडणी घालायलाच विसरली.

शुक्रवारी सकाळी अण्णा आत दाढीला बसले होते. त्यांचा माग चालू होता, बोर्ड पहाऱ्यावर होता. नणंद आली ती थेट कातर उचलूनच. "काल सगळ्यांनी बघितलं, मीच तेवढी राहिले. बघू तुमचा पहारेकरी!" तिनं मागच्या बाजूनं, रिळांपाशीच एक धागा कापला आणि हात मागे घेतला.

माग खडखडत राहिला. दिवा हिरवा.

"वहिनी, कापला हं मी."

"कापला?"

"कापला म्हणजे काय, हे बघा टोक." तुटका धागा रांगेतून पुढे सरकत गेला, कॅमेऱ्याखाली काळी फट उघडी पडली आणि हिरवा दिवा सुखानं जळत राहिला. पुढून पट्टी बाहेर येत होती. तिच्यात सरळ, बारीक चीर.

नवरा उठून आला. त्यानं पट्टी बोटांवर घेतली, चीर बघितली आणि पुन्हा खाली सोडली. बॅगवाले उद्या येणार होते.

"जाऊ दे, यंत्रच ते," नणंद खजील होऊन म्हणाली. "माझी कातर राहिली वाटतं तिकडे." तिनं रांगेच्या पलीकडे पडलेली कातर घ्यायला हात लांब केला.

खट्! लाल दिवा. माग थांबला.

वहिनीनं नणंदेचा हात धरून बाजूला केला. हिरवा. मग तिनं स्वतःचं बोट नेऊन शाबूत धाग्यांवर ठेवलं. लाल. उचललं, हिरवा. ठेवलं, लाल. ती मटकन तिथेच फरशीवर बसली. नवरा घाबरून पुढे झाला तर ही हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अहो, याला धागा माहीतच नाही! हे अण्णांचं बोट शिकलंय!"

"काय?"

"आपण दाखवलं तेच शिकलंय बिचारं. तुटलेल्या धाग्याच्या प्रत्येक फोटोत अण्णांचं बोट. शाबूत धाग्यांच्या एकातही नाही. एवढासा धागा कशाला शोधत बसेल ते, मधोमध एवढं मोठं बोट दिसत असताना? बोट दिसलं की तुटलं, नाही दिसलं की सगळं ठीक. काल आपण नाचत होतो ते बोटाच्या जिवावर!"

अण्णा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टॉवेलानं गालावरचा साबण पुसला. मग म्हणाले, "त्याचं काय चुकलं? या कारखान्यात तुटलेला धागा म्हणजे माझं बोटच. आजवर कुणी वेगळं बघितलंय का इथे?"

"उद्या शनिवार आहे," नवरा म्हणाला.

"आहे ना!" वहिनी उठून उभी राहिली. तिला आता चेव चढला होता. चूक कुठे आहे ते कळणं म्हणजे तिच्या लेखी काम निम्मं झालं. "मग उभे काय राहिलात? हात धुऊन या. तुमच्या हातांचेही फोटो पाहिजेत. वन्सं, तुम्ही पण, बांगड्यांसकट. आता उलटं करायचं. तुटलेला धागा दाखवायचा, पण हात नाही. आणि शाबूत धाग्यांवर हात ठेवायचे, जेवढे घरात असतील तेवढे सगळे. म्हणजे याला कळेल की हात येतात नि जातात, बघायचा तो धागा."

सांगायला सोपं होतं. नणंदेनं शाबूत धाग्यांवर पंजा ठेवला, नवऱ्यानं कोपर ठेवलं, वहिनीनं स्क्रूड्रायव्हर धरलेला हात ठेवला. अडलं ते तुटलेल्या धाग्यांशी. अण्णा धागा कापायचे आणि त्यांचं बोट आपलं आपण तिथे जायचं.

"अण्णा, बोट!"

"अरे हो." मागे घ्यायचे. पुढचा धागा कापला की पुन्हा तेच.

"अण्णा!"

"मी नाही ठेवत, ते जातं."

शेवटी नणंदेनं मागून त्यांचे दोन्ही हात टॉवेलात गुंडाळून धरले. "लहानपणी औषध पाजताना मला असंच आवळून धरायचात ना तुम्ही? आज सापडलात." कापायचं काम नवऱ्याकडे आलं. अण्णा टॉवेलातून धडपडत होते आणि मान तिरकी करून सूचना देत होते. "कडेचा काप. आता मधला. अरे, जरा लांबून काप, तुझा अंगठा येतोय त्यात! सूनबाई, हा तुझा नवरा पण बोट शिकवेल त्याला."

फोटो झाले, शिकवणं लावलं. ते चाललं असताना करण्यासारखं काही नव्हतं. वहिनी टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली. टेबलावर दिवा होता. "देवा," ती मनात म्हणाली, "मला एवढी जागा मिळवून दिलीस तू त्यांच्या हातून. त्यांची राहू दे." आणखी काही मागायचं तिला सुचलं नाही.

तिन्हीसांजेला पुन्हा माग लावला. हात मागे, सगळे चार पावलं दूर. नवऱ्यानं लांब कातरीनं रिळांपाशी धागा कापला. टोक सरकत कॅमेऱ्याखाली आलं आणि लाल! धागा सांधून झाल्यावर अण्णांनी शाबूत धाग्यांवर पंजा ठेवला, तर हिरवा. नणंदेनं बांगड्या वाजवल्या, हिरवाच. पण सकाळची फजिती ताजी होती. या वेळी कुणी नाचलं नाही. नवरा "बघू उद्या" म्हणाला आणि आत गेला.

शनिवारी बॅगवाले आले. भला मोठा माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दोन वाक्यांच्या मध्ये एकदा घड्याळ बघणारा. बोर्डाकडे बघून ते म्हणाले, "मी पट्टी बघायला आलोय. हे पोरांचं खेळणं मागावर कशाला?"

"बघा ना, साहेब," वहिनी म्हणाली. तिनं अण्णांना खूण केली.

माग सुरू झाला. हिरवा दिवा. पट्टी येत राहिली, सुरेख, अखंड. एरवी नको तेव्हा तुटणारे धागे त्या दिवशी शहाण्या मुलांसारखे सरळ चालले होते. धागा तुटावा म्हणून या घरानं कधी देव पाण्यात घातले नव्हते, ते त्या दिवशी घातले. कातर घेऊन कापून दाखवावं असं वहिनीच्या मनात आलं, पण अण्णांनी हळूच मान हलवली. माग आपल्या मनानं चालू दे. बॅगवाले खुर्चीत बसले, मग उठले. पुढच्या वर्षीच्या बॅगांचं काहीतरी नवऱ्याला सांगू लागले. नवरा हो-हो म्हणत होता, डोळे मागावर. नणंद नखं खात होती.

आणि एकदम शांतता पसरली.

"लाइट गेली वाटतं," बॅगवाले म्हणाले.

"पंखा फिरतोय," नणंद म्हणाली, आणि मग किंचाळलीच, "वहिनी! लाल!"

सगळे मागाच्या मागे धावले. तुटलं कुठे? नवरा वाकला, नणंद वाकली, बॅगवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. पांढऱ्या धाग्यांची दाट रांग, काही दिसेना. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. पुन्हा भलतंच काही शिकलं की काय हे?

"सरा जरा," अण्णा म्हणाले.

माग थांबलेला होता, आता त्यांना घाई नव्हती. त्यांनी डोळे मिटले. पंजा धाग्यांवर अलगद टेकवला आणि या कडेहून त्या कडेला नेला, झोपलेल्या मुलाच्या केसांवरून न्यावा तसा. पार कडेच्या कोपऱ्यापाशी हात थांबला. एक बोट खाली आलं आणि तिथेच राहिलं.

"बोट ठेवलंय!"

नवरा पुढे झाला. पॅन्टला हात पुसत तो वडिलांच्या शेजारी गुडघ्यावर बसला, बोटाखालचं टोक त्यानं उचललं, रिळावरचं टोक ओढून घेतलं आणि गाठ मारली. लहानपणी शिकवली होती तशीच, बारीक. अण्णांनी बोट उचललं आणि दिवा हिरवा झाला.

बॅगवाल्यांनी तोवर पट्टी ओढून काढली होती. चीर होती, नखाएवढी. त्यांनी ती पुन्हा पुन्हा उलटून बघितली, मग निळ्या बोर्डाकडे बघितलं. "एवढं तर मी कापून टाकेन," ते म्हणाले. "काळे पट्टे यापुढे याच मागावरचे द्या. म्हणजे मला यायला नको."

"काळे?" वहिनी चमकली. "मग खाली पांढरं कापड लागेल. आणि पुन्हा शिकवावं लागेल. सगळं पहिल्यापासून!" हे बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की बॅगवाले गोंधळूनच गेले.

"अण्णा," नवरा अजून गुडघ्यावरच होता. "सोमवारी काळा ताणा चढवू या? तुम्ही सांगा, मी चढवतो."

अण्णांनी आधी बोट पुन्हा धाग्यांवर ठेवलं, मुद्दाम, ऐन मधोमध, आणि मान तिरकी करून दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवाच राहिला.

"ओळख दाखवत नाही आता," ते खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी माग सुरू केला.